तीन ठिपके, एक बंद मेनू

७ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारचे दोन. काम एकच. थर्मल कॅमेऱ्यातला बंद ठेवलेला मेनू उघडायचा. उद्या सकाळी दहाला रबाळ्याच्या कारखान्यात अहवाल द्यायचा होता, म्हणजे त्याआधी तो उघडायलाच हवा होता.

डायनिंग टेबल रिकामं केलं. एका बाजूला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला जुना लॅपटॉप, मध्ये केबल. हा लॅपटॉप विंडोजवर रांगायला लागला तेव्हा मी त्यावर लिनक्स टाकलं होतं. लोक म्हणतात ते अवघड असतं. मला ते बरं वाटतं, कारण काय बिघडलं ते सरळ सांगतं.

माझा धंदा कारखान्यांचे इलेक्ट्रिक पॅनल तपासण्याचा. वीस वर्षं नोकरी केली, मग स्वतःचं सुरू केलं. पॅनल चालू असताना दार उघडायचं, कॅमेरा रोखायचा, कुठला जोड तापतोय ते बघायचं. कॅमेरा मी जुना घेतलेला. बनवणाऱ्यांनी एकच यंत्र दोन किमतींना विकलेलं, आणि स्वस्तातल्या यंत्राचे काही मेनू आतून बंद करून ठेवलेले. चार वर्षं माझं काही अडलं नव्हतं.

सोमवारी अडलं. कारखाना खोके बनवणारा. सहा पॅनल. पहिल्याच पॅनलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या तीन चकचकीत पट्ट्यांवर, जिथे त्या बोल्टने जोडल्या होत्या तिथे, स्क्रीनवर तीन गरम ठिपके दिसले. पट्ट्या चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आणि ठिपके मात्र भलतेच वर. टॉर्च मारला तर ठिपके कुंकवाचे निघाले.

तिथला इलेक्ट्रिशियन माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, तिथल्याच खाडीकाठच्या गावचा, येत्या मार्चात निवृत्त होणारा. दसऱ्याला सगळं बंद करून तो पॅनल पुसतो आणि प्रत्येकाच्या दारावर हळदकुंकू लावतो, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. यंदा दारांना नवा रंग दिलेला होता. दारांवर डाग नकोत, असं मॅनेजरने बजावलं होतं. पूजा चुकवायची तर नव्हती, म्हणून त्याने कुंकू तेलात कालवून आत पट्ट्यांवर लावलं, जिथे कुणाला दिसणार नाही. एकाच पॅनलला लावलं, सगळ्यांच्या वतीने. बाकीची पाच दारं तेवढ्यात सुपरवायझरने लावून घेतली होती.

मॅनेजरने स्क्रीन बघितला आणि विचारलं, हे कुंकवामुळे गरम होतंय का. मला पुढच्या पॅनलकडे जायचं होतं. मी म्हटलं, हो, जिथे कुंकू आहे तिथेच गरम दिसतंय.

माझं वाक्य एवढंच. मॅनेजरने त्यातलं पहिलं अक्षर उचललं. अहवालात कारण म्हणून बाहेरचा पदार्थ लिहा, बाकी सगळं ओके आहे ना, असं म्हणाला, आणि इलेक्ट्रिशियनला तिथेच सांगितलं की उद्यापासून येऊ नका, अहवाल आला की मेमो मिळेल. बत्तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट पाच महिन्यांवर, आणि कागदावर लिहिलं जाणार होतं की याच्या हातून पॅनल जळण्याची वेळ आली.

गेटपाशी तो माझ्या स्कूटरजवळ थांबला होता. रागावला नव्हता, निदान दिसत तरी नव्हता.

"ताई, कुंकू तापतं का कदी? तुमीच सांगा. मना काय बोलायचं ते बोला, पन ह्ये खरं हाय का?"

मी बघून सांगते म्हटलं. सानपाड्याला घरी पोचेपर्यंत मला खात्री झाली होती की मी मूर्खासारखं बोलले आहे. फक्त ते दाखवता येत नव्हतं.

मंगळवारी सकाळी फोटो पुन्हा उघडला. तिन्ही ठिपक्यांचे आकडे वाचले. कडेचे दोन अठ्ठावन्न आणि साठ. मधला ब्याण्णव. करंडा एक, बोट एक, तेल एक. कुंकूच तापत असतं तर मधल्यालाच तीस अंश जास्त का मिळाले?

स्वयंपाकघरात गेले. स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळलं, गॅस बंद केला, देवघरातलं कुंकू तेलात कालवून पातेल्याला बाहेरून एक ठिपका लावला. सासूबाई भाजी निवडत होत्या. आज पातेल्याची पूजा आहे का, आम्हाला सांगितलं असतं तर नारळ आणला असता, असं त्या म्हणाल्या. कॅमेरा रोखला. पातेलं त्रेचाळीस अंश, ठिपका त्र्याऐंशी. सासूबाईंना स्क्रीन दाखवला. त्यांनी पातेल्याला बोट लावलं, चटकन काढलं आणि म्हणाल्या, "हे त्रेचाळीस नाही. कुंकू खरं बोलतंय."

माझं चार वर्षांचं काम त्यांनी एका बोटात तपासलं. चकचकीत धातू स्वतःची उष्णता बाहेर फारशी सोडतच नाही, आरशासारखा आजूबाजूची दाखवतो. म्हणून कॅमेऱ्याला तो थंड दिसतो. त्यासाठी कॅमेऱ्यात एक आकडा बदलावा लागतो, एमिसिव्हिटीचा, म्हणजे समोरची वस्तू उष्णता किती मोकळेपणी सोडते त्याचा. माझ्या कॅमेऱ्यात तो ०.९५ वर कायमचा बांधलेला होता. रंगाला, रबराला, कुंकवाला तो बरोबर. उघड्या धातूला साफ चूक. हे मी नोकरीत शिकले होते. पण माझ्या गिऱ्हाइकांकडे बहुतेक पट्ट्यांवर काळं प्लास्टिकचं वेष्टण असायचं आणि हळूहळू ते डोक्यातून निघून गेलं.

आता कुंकू फक्त एका पॅनलमध्ये. उरलेल्या पाचांमध्ये पट्ट्या उघड्याच, आणि चालू पॅनलमध्ये कुणी हात घालून काही लावणार नाही. आकडा बदलता आला तरच ते तपासता येतील, आणि तरच मॅनेजर कुंकवाचा विषय सोडेल. म्हणून हा दुपारचा खटाटोप.

केबल लावल्यावर लिनक्सला कॅमेरा नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरसारखा दिसला. आत शिरले. आधी कॅमेऱ्यातल्या सगळ्या फाइल्स लॅपटॉपवर उतरवल्या आणि त्यांची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली. कॅमेरा मेला तर उद्या दाखवायला काहीच नाही. सेटिंगची फाइल साध्या अक्षरांतली निघाली. हवी ती ओळ सापडली: एमिसिव्हिटीचा मेनू, बंद. 'बंद'चं 'चालू' केलं. पण फाइलच्या शेवटी एक पडताळणीचा आकडा होता, वरच्या सगळ्या अक्षरांवरून काढलेला. एक अक्षर बदललं की तोही बदलायला हवा, नाहीतर कॅमेरा फाइल नाकारतो. तो काढायला सहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. मूळ फाइलवर चालवून बघितला, उत्तर जुळलं. मग बदललेल्या फाइलवर चालवला, नवा आकडा शेवटी टाकला, फाइल कॅमेऱ्यात पाठवली, कॅमेरा बंद करून चालू केला.

मेनू बंदच. पुन्हा केलं. पुन्हा बंदच. तिसऱ्या वेळी कॅमेरा बराच वेळ काळ्या स्क्रीनवर अडकून राहिला, आणि मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले, कारण नुसतं बघत बसून तो सुरू होणार नव्हता. आला परत, जुन्याच सेटिंगवर.

मग अंदाज सोडले आणि दोन फाइल्स शेजारी ठेवून मोजल्या. माझी फाइल जितकी हवी त्याहून एका अक्षराने लांब होती. मी वापरलेला एडिटर फाइल जतन करताना शेवटी आपणहून एक रिकामी ओळ जोडत होता. डोळ्यांना दिसत नव्हती, कॅमेऱ्याला दिसत होती. ती काढली. साडेपाच वाजता मेनूत नवी ओळ उगवली. पाणी पुन्हा उकळलं, आणि आकडा ०.९५ वरून खाली आणत गेले तसं त्याच पातेल्याचं तापमान चढत, ०.९५ वर वाचलेल्या ठिपक्याच्या आकड्याला येऊन मिळालं.

इलेक्ट्रिशियनला फोन केला. उद्या पावणेनऊला गेटवर या, एवढंच सांगितलं. आत घेणार नाहीत, तो म्हणाला. मी म्हटलं, माझ्यासोबत या.

बुधवारी सकाळी तो इस्त्रीच्या शर्टात उभा होता. वॉचमनला मी सांगितलं की तपासणीला मला माणूस लागतो. पहिलं पॅनल उघडलं, मॅनेजरला शेजारी उभं केलं. मधल्या पट्टीवर आकडा खाली आणत ०.१६ ला थांबले. तिथे धातूचा आकडा, ०.९५ वर वाचलेल्या कुंकवासारखाच, नव्वदच्या आसपास आला. तोच आकडा ठेवून बाकीचे पाच बघितले. हा अंदाज असतो, पण दोन जोडांमधला फरक त्यात लपत नाही. चार ठीक होते. पाचव्यात, कॉम्प्रेसरच्या, एक जोड सत्त्याहत्तर अंश, शेजारचे दोन पन्नासच्या आत. तिथे कुंकवाचा कणही नव्हता. मॅनेजर लाइन बंद करायला सांगायला गेला.

लाइन बंद झाल्यावर इलेक्ट्रिशियनने पाना लावला. पहिल्या पॅनलचा मधला बोल्ट जवळजवळ पूर्ण फेरा फिरला, कॉम्प्रेसरचा अर्धा. ते होईपर्यंत मी तिथल्याच स्टुलावर अहवाल लिहिला. पहिली ओळ: सोमवारी मी तोंडी सांगितलेलं कारण चुकीचं होतं, चूक माझी आहे, कुंकवाचा आणि ते लावणाऱ्याचा यात दोष नाही. दुसरी ओळ: दोन्ही जोड सैल होते. सही केली आणि मॅनेजरची पोच घेतली. मेमोचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, कसला मेमो.

दारं लावण्याआधी मी इलेक्ट्रिशियनला सांगितलं की यापुढे पट्ट्यांना कुंकू नको, तेल नको, कॅमेऱ्याला खरं तापमान दाखवायचं काम टेपचं आहे. पिशवीतली काळी टेप काढली आणि सहाही पॅनलमधल्या प्रत्येक जोडाशेजारी त्याच्याकडून एकेक चौकोन लावून घेतला.

शेवटचा चौकोन दाबत तो म्हणाला, "टेपला हलद चालेल ना, ताई?"

"दारावर लावा. रंगाचं मी मॅनेजरशी बोलते," म्हटलं, आणि बोलायला गेले.