भेगेवरची काच

माणिक मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी गंगाखेडच्या घरी एकटाच जेवत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच त्याचा मुलगा बोलला. ताट सरकवलं आणि नुसता वर बघत बसलो... आता महिना होत आला. पोखर्णीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी मास्तर झालो, तो गवंडी.

मुलीच्या साखरपुड्याआधी मी घराला हॉल वाढवला, तो माणिकनंच बांधला. स्लॅब टाकल्यावर त्यानं बजावलं, "मास्तर, ईस दिवस टेकूला हात लावायचा न्हाई. काँक्रीट दाब लय सोसतंय, पण ताणलं की तडकतंय. ताण सळईनं घ्यायचा, अन् तिला पकड यायला येळ लागतोय." पण साखरपुडा अकराव्या दिवशी! टेकूंच्या गर्दीत पंगत कशी बसवायची? तो पालमला दुसऱ्या कामावर गेलेला बघून मी मजुरांकडून टेकू काढून घेतले. साखरपुड्याला माणिक आला, टॉवेल-टोपीचा आहेर घेतला आणि त्याची नजर वर गेली. आहेर खुर्चीवर ठेवून तो न जेवताच निघून गेला. सोयऱ्यांसमोर यानं माझी शोभा केली, असा राग मी धरला. महिन्याभरात स्लॅबला मधोमध खालून केसासारखी भेग पडली, तरी माझा हेका सुटला नाही. पुट्टी भरली, रंग दिला. आमचं बोलणं मात्र कित्येक वर्षं बंद राहिलं.

बायको गेली, मुलगी पुण्याला. तीन वर्षांमागं भेग पुन्हा दिसायला लागली. कुणाकडून कळलं कोण जाणे, एका दुपारी माणिक दारात उभा! शेजारची शिडी मागून आणली, भेगेवर काचेची पट्टी आडवी धरली आणि दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली. "भेग वाढली तर काच तुटंल. तुटली की फोन कर." पाणीही न घेता गेला. पुढं काच काही तुटेना. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, घरात बोलायला कुणी नाही. शेवटी, सांगायला लाज वाटते, जळमटं काढायच्या काठीनं मीच ती फोडली आणि फोन केला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आला. शिडीवरून बराच वेळ बघत राहिला. "भेगंनं तुटली असती तर एक चीर गेली असती. हिचा तर चुरा झालाय." खाली उतरला आणि कितीतरी वर्षांनी माझ्याकडं बघून हसला. "येड्या, चहाला ये म्हणायचं की! काच कशाला फोडायलास?" नवी काच बसवली, दोन कप चहा प्याला. माफीचे शब्द अगदी ओठांवर आले होते... म्हटलं, पुढच्या खेपेला बोलू.

काल जेवण झाल्यावर बॅटरी वर मारून पाहिली. काच शाबूत आहे. "माणिक, तेव्हा माझंच चुकलं रे," मी मोठ्यानं म्हणालो. रिकाम्या हॉलमध्ये माझाच आवाज जरा घुमला.