तांदळाचा शिरा

माझ्या लेकीला गहू बाधतो, हे आमच्या घाटकोपरच्या चाळीत कुणाला पटायलाच तयार नव्हतं. आधी मला तरी कुठे माहीत होतं? पोर चार वर्षांची, हातापायांच्या काड्या आणि पोट टम्म. जुलाब काही केल्या थांबेनात. "अशक्त आहे गं बिचारी," म्हणत येणारीजाणारी तिच्या हातात बिस्कीट ठेवायची. मीही ताकद यावी म्हणून चपाती कुस्करून भरवायचे.

शेवटी तिला मोठ्या इस्पितळात नेलं, मुलांच्या पोटाच्या आणि लिव्हरच्या वॉर्डात. आजूबाजूच्या खाटांवर पिवळ्या डोळ्यांची पोरं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, गव्हाचा कणही द्यायचा नाही, जन्मभर. दिलात तर आतडं पुन्हा खराब होईल, मग पोर वाढणार कशी?

माझ्या सासूबाई मालवणच्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी डबा सुरू केला. पेज, मऊ भात, तांदळाची भाकरी. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आईसुद्धा त्या पेजेची वाट बघायची. हळूहळू पोरीचे गाल भरले. घरी आलो तेव्हा म्हटलं, सुटलो बाबा एकदाचे!

कसले सुटतोय! श्रावण लागला आणि जुलाब पुन्हा सुरू. पुन्हा तोच वॉर्ड. मी नुसती पेटले होते. "कोणी दिलं हिला? काय दिलं?"

"मी दिलंय," सासूबाई म्हणाल्या. श्रावणात चाळीत घरोघरी सत्यनारायण, आणि नातीला घेऊन त्या प्रत्येक पूजेला जायच्या. "परसाद तो. देवाचो परसाद कोणाक बाधता काय?"

शिऱ्याचा रवा गव्हाचा असतो हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण प्रसाद त्यांच्या लेखी खाण्यात मोडतच नव्हता. "मग देवालाच बसवा इथे खाटेपाशी!" मी भर वॉर्डात ओरडले. सासूबाई नातीचे पाय मांडीवर घेऊन चोळत राहिल्या, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

तेव्हापासून पोरीला सवयच लागली. काहीही पुढे आलं की आधी विचारायची, "मी खाऊ?" शेजारणीने पेरू दिला तरी तेच.

पुढच्या श्रावणात पूजा आमच्याकडे होती. सासूबाई सकाळीच कढईपाशी बसल्या. भटजींनी डोकावून बघितलं. "आजी, रवा गव्हाचा घ्यायचा असतो."

"तांदळाचो घेतलंय. चलता की नाय, ता देवाक इचारून येवा. तवसर मी परततंय."

भटजी हसायलाच लागले. म्हणाले, "पोथीतच आहे आजी, गहू नसला तर तांदूळ चालतो."

"बघ गो!" सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. जसं काही पोथी त्यांनीच लिहिली होती.

संध्याकाळी अख्खी चाळ प्रसादाला आली. रांगेत आमची पोर. तिने ओंजळ पुढे केली आणि वर बघितलं. "आजी, मी खाऊ?"

"खा गो बाय, खा. आज सगळ्यांक तुझोच परसाद."

ओंजळ चाटूनपुसून ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. या खेपेला तिने कुणाला काही विचारलं नाही.