डोलिना बाई आणि धुक्यातली गुहा

आमच्या ग्रेनासे बेटावरची शाळा बंद पडली ती मुलं संपली म्हणून. शेवटची दोन भावंडं मोठ्या शाळेसाठी मुख्य भूमीवर गेली, आणि डोलिना मॅकास्किल बाईंनी खडू डब्यात ठेवले, खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं. बेटावरची निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, मीसुद्धा. त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या त्या उंच, काटकुळ्या बाईंना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे नुसतं 'बाई' म्हणत.

शाळा गेली आणि बाई हरवल्यासारख्या झाल्या. सकाळी कोट चढवून घराबाहेर पडायच्या आणि कुठे जायचं ते न सुचून किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत राहायच्या. एकदा मी जवळून गेले तर बाई ओहोटी का येते ते मेंढ्यांना समजावून देत होत्या. मेंढ्या ऐकत होत्या, खोटं कशाला सांगू!

त्यांचा धाकटा भाऊ टॉर्क्विल. त्यानं कोळंबीची मासेमारी सोडली होती आणि आपली जुनी बोट, 'सूला', पाहुण्यांसाठी नव्यानं बांधून घेतली होती. उन्हाळ्यात दहा-बारा माणसं घ्यायची, पश्चिमेकडच्या ओसाड बेटांवरून फिरवायची, पक्षी दाखवायचे, उठून गेलेल्या वस्त्यांच्या कहाण्या सांगायच्या, असा त्याचा बेत. स्वयंपाकाला मी होते. कहाण्या सांगायला ठरवलेला प्राणिशास्त्राचा माणूस मात्र ऐनवेळी दुसऱ्या मोठ्या जहाजावर निघून गेला.

टॉर्क्विल मला घेऊनच बाईंच्या स्वयंपाकघरात शिरला.

"ताई, चल बोटीवर."

"मी? अरे, धक्क्यावर उभी राहिले तरी माझ्या पोटात ढवळतं."

"सवय होते."

"आणि त्या मोठ्या माणसांना मी काय शिकवू? ती सगळं शिकून बसलेली असतात."

"मेंढ्यांना शिकवतेस ते चालतं का?" टॉर्क्विल म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत तिसरीत गेले. "शोनाग, तू चुगली केलीस?"

"बाई, सगळ्या बेटाला माहीत आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या. शाळा बंद झाल्यापासून पहिल्यांदा.

पहिल्या फेरीला बाई शाळेचाच कोट घालून आल्या. ओबान बंदरातून निघालो तेव्हा समुद्र जरा उसळत होता. बाई बादली मांडीवर घेऊन कठड्याशी बसल्या आणि मधल्या मोकळ्या वेळात पाहुण्यांना गॅनेट पक्ष्याबद्दल सांगत राहिल्या. कुणी मध्ये बोललं की म्हणायच्या, "हात वर करून." मोठमोठी माणसं, डॉक्टर, वकील, गोंधळून हात वर करायची. आतल्या आत हसायचीही. बाईंना ते कळत होतं. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बटाटे सोलत म्हणाल्या, "टॉर्क्विलला सांग, मला पुढच्या बंदरात उतरव. यांना माझी गरज नाही. यांच्याकडे पुस्तकं आहेत."

पाहुण्यांत हॉवेल नावाचे एक गृहस्थ होते, वेल्सचे. पासष्टीचे, रुंद पंजांचे. आयुष्यभर चर्चमधले ऑर्गन बांधायचं आणि दुरुस्त करायचं काम केलेलं. ही सहल त्यांच्या बायकोनं ठरवली होती, आणि आधीच्या हिवाळ्यात ती वारली. खोली दोघांची होती, आले एकटे. कुणाशी बोलत नसत. मी वाढलेलं जवाचं सूप संपवायचे, मान लववायचे आणि वर जाऊन समुद्राकडे पाठ करून बसायचे.

मिंगुले बेटाच्या खाडीत नांगर टाकला आणि दुसऱ्या सकाळी उठून पाहिलं तर जग नव्हतं. पांढरं. नुसतं पांढरं. डोलकाठीचं टोक दिसेना. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळेना. समुद्र मात्र इतका निवांत की बोट तरंगते आहे की कुणी तिला तळहातावर धरली आहे, ते कळू नये. वारा नाही. कपातून निघालेली वाफ धुक्यात विरून जायची. माणसं आपोआप हळू बोलायला लागली.

तो दिवस गेला, पुढचाही तसाच उजाडला. मग कुरबुर सुरू झाली. "पफिन पक्षी बघायला आलो, आणि कापसात बसलोय," वकीलबाई म्हणाल्या. टॉर्क्विल यंत्राच्या खोलीत जाऊन लपला.

बाई मात्र ताज्यातवान्या होत्या. बोट हलत नव्हती, पोट शांत होतं. त्यांनी सगळ्यांना वर बोलावलं, घोंगड्या पांघरून बसवलं. "डोळे मिटा. आता काय काय ऐकू येतंय ते एकेकानं सांगायचं. ज्याला उत्तर पक्कं माहीत आहे त्यानं गप्प बसायचं. ज्याला माहीत नाही त्यानं बोलायचं."

मग हळूहळू सुरुवात झाली. कुणाला जुन्या दाराची करकर ऐकू आली. कुणाला म्हाताऱ्यांचं भांडण. कुणी म्हणालं, लांब कुठेतरी बाळ रडतंय. बाई प्रत्येक आवाजाला अलगद धुक्यातून बाहेर काढायच्या. हा कड्यावरचा गिलेमॉट पक्षी, जागेवरून शेजाऱ्याशी तंडतोय. ते बाळ नाही, वाळूवर पडलेला सील आहे. बोलता बोलता त्यांनी कडा उभा केला, त्याच्या फटींत बसलेले पक्षी, खाली आदळणारं पाणी, वर हिरवं गवत, गवतात पडकी घरं. डोळे मिटून आम्ही ते बेट पाहत होतो. उघड्या डोळ्यांनी मी ते कितीदा पाहिलंय, पण तसं पुन्हा कधी नाही.

आणि मागून आवाज आला, "तिकडे एक गुहा आहे."

हॉवेलसाहेब होते. हात वर केलेला होता, डोळे मिटलेले.

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"लाट आत शिरते तेव्हा सूर लागतो. खालचा, अगदी खालचा. एका टोकाला बंद असलेली नळी असाच बोलते. लांब गुहा आहे, आणि तोंडाशी अरुंद."

आम्ही कान दिला. खरंच, पक्ष्यांच्या गलक्याखाली काहीतरी होतं. ऐकू येण्यापेक्षा छातीत जाणवणारं.

बाई म्हणाल्या, "इथे लहानपणापासून येते मी. हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही शिकवा." आणि त्या उठून पाहुण्यांमध्ये जाऊन बसल्या.

हॉवेलसाहेब बोलायला लागले. वारा नळीत कसा शिरतो, कसा अडतो, कसा गातो. मोठी नळी खालचा सूर का देते. त्यांचे ते रुंद हात हवेत नळ्या बांधत होते. बायको गेल्यापासून इतकं बोललो नव्हतो, हे त्यांनीच नंतर मला सांगितलं.

दुपारी टॉर्क्विलला राहवेना. "चला, बघूच," म्हणत त्यानं दोन्ही छोट्या होड्या पाण्यात सोडल्या. आवाजाच्या रोखानं आम्ही वल्ही मारत गेलो. कडा अचानक समोर आला, ओला, काळा, आणि त्यात ते अरुंद तोंड. वल्ही वर घेतली. गुहा श्वास घेत होती.

"हिला सूर द्या ना कुणीतरी," हॉवेलसाहेब पुटपुटले.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि गाईचं दूध काढताना त्यांची आई गुणगुणायची ती चाल धरली. गुहेनं दाद दिली नाही.

"जरा खाली घ्या."

त्यांनी सूर उतरवला.

"अजून थोडा. तिथेच. धरून ठेवा."

आणि गुहा गायला लागली. बाईंचा एकटीचा आवाज आत गेला आणि भरलेल्या देवळासारखा बाहेर आला. पाणी शहारलं. होडीची फळी माझ्या पायाखाली थरथरत होती. बाई घाबरून थांबल्या, तरी सूर आत रेंगाळत राहिला. मग धुक्यातून एक काळं, गुळगुळीत डोकं वर आलं. मग दुसरं. सील गोळा झाले होते, मोठ्या ओलसर डोळ्यांनी आमच्याकडे बघत. वकीलबाई रडत होत्या आणि ते लपवतही नव्हत्या.

धुकं विरलं ते आम्ही परत निघाल्यावर. पफिनचं कुणी नावही काढलं नाही.

त्यानंतर बाईंनी उतरायची भाषा केली नाही. सूलावर त्यांची पद्धतच पडली: अर्धा वेळ त्या शिकवायच्या आणि अर्धा वेळ पाहुण्यांकडून शिकायच्या. पाववाल्यानं हवेतला दमटपणा ओळखायला शिकवला, शिंपिणीनं पक्ष्याच्या पंखातली शिवण दाखवली. पोटात ढवळायचं, ते ढवळतच राहिलं. बादली हाताशी असायची.

हॉवेलसाहेब पुढच्या उन्हाळ्यात परत आले. त्याच्याही पुढच्या. धक्क्यावर त्यांची बॅग दिसली की टॉर्क्विल ओरडायचा, "ताई, तुझा नापास झालेला विद्यार्थी आला गं!" बाई लाल व्हायच्या आणि त्याला मूर्ख म्हणायच्या.

शियांट बेटांजवळ एका लख्ख दुपारी, पाणी आरशासारखं असताना, साहेबांनी सगळ्यांसमोर हात वर केला.

"बोला," बाई म्हणाल्या.

"माझ्याशी लग्न कराल का?"

पफिन डोक्यावरून भिरभिरत होते. बाईंनी हाताशी असलेली बादली बाजूला सारली.

"वेल्सला येणार नाही मी."

"मी कुठे म्हटलं?"

"आणि मला स्वयंपाक येत नाही, शोनागला विचारा."

"तिनं आधीच सावध केलंय," ते म्हणाले.

बाई तेव्हा साठीला टेकल्या होत्या. शेजारच्या हॅरिस बेटावरच्या चर्चमध्ये लग्न झालं, आणि केक मी केला. पुढे कितीतरी उन्हाळे दोघं मिळून सूलावर शिकवत होती, भांडत होती. मग साहेबांचे गुडघे दुखायला लागले, आणि दोघं किनाऱ्यावरच राहिली, तिथेच हॅरिसला. आता बोटीवर बाईंच्या जागी एक तरतरीत मुलगी असते, चांगली आहे.

मागच्या सप्टेंबरात मी त्यांच्याकडे मीठ लावलेले हेरिंग मासे घेऊन गेले. दोघं बागेच्या भिंतीवर बसली होती, पायाशी नुकतेच काढलेले बटाटे. आइसलँडकडून हंसांचा पहिला थवा ओरडत येत होता, उंच, उन्हात पांढरट.

"ऐक, पुढचा बेसूर आहे," साहेब म्हणाले.

"दमलाय तो," बाई म्हणाल्या. "समुद्र ओलांडून आलाय."

आम्ही तिघं वर बघत राहिलो. थवा दक्षिणेला लहान लहान होत गेला, आणि मग नुसता आवाजच उरला.