नागेशअण्णाचं पान

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही — देवापुढे हात जोडले तेही ही गोष्ट बाजूला ठेवूनच. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही आमच्या मैसूरच्या मांडवातले नाही म्हणून असेल. मांडवातल्या माणसाला सांगायची माझी आजही छाती नाही.

आधी आमची एक रीत सांगते, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. आमच्या मराठी घरांत लग्नाची पत्रिका नुसती पोचून भागत नाही. घरातल्या बाईनं जायचं, हळदीकुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या. आणि "येणार ना?" असं विचारायचं नाही — तो अपमान. विचारायचं, "पानं किती मांडू?" समोरचा "मांडा" म्हणाला की अंगात ताप असला तरी येणार. "बेडा" म्हणाला — आमच्या बोलण्यात 'नको'च्या जागी कन्नड 'बेडा'च जास्त — की संपलं. पुन्हा विचारायला जायचं नाही. आणि बोलावणं करून आलेली बाई जे उत्तर आणते, त्यावर कुणी शंका घेत नाही. शंका कशी घेणार? अक्षता हातात घेऊन खोटं कोण बोलतं?

मी बोलले.

पण तिथवर एकदम नाही येता येत मला. आधी आप्पांचं सांगू दे.

माझे वडील आप्पा शिंपी होते. दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या बँडवाल्यांचे लाल कोट शिवायचे, आणि मिरवणूक बन्नीमंटपाकडे निघाली की गर्दीत आपले कोट ओळखत उभे राहायचे. माझ्या सासरी कापडाचं मोठं दुकान. थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. घरात शब्द तिचा चालायचा. नव्या घराची वास्तुशांत होती. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले, पहिल्या पंगतीत बसले. पान वाढून झालं होतं. भातावर तूप पडलं होतं. तेवढ्यात दुकानाची कुणी बडी मंडळी आली आणि अक्का सगळ्यांसमोर हसत म्हणाली, "आप्पा, स्वल्प उठता का? तुम्ही काय, घरचेच. मागच्या पंगतीला बसा सुम्ने." सुम्ने म्हणजे गुपचूप.

वाढलेल्या पानावरून माणसाला उठवतात का हो? भिकाऱ्याला तरी उठवतात?

आप्पा उठले. हात अजून भाताला लागला नव्हता, तरी नळावर जाऊन धुतला. मला म्हणाले, "भूक नव्हतीच गं." आणि चालत घरी गेले. मी तिथंच होते, हातात सांबाराची बादली धरून. आप्पांच्या पानावर बसलेल्या माणसाला मी सांबार वाढलं. त्यानंतर आप्पा माझ्या सासरी कधी जेवले नाहीत, आणि पुढच्या दसऱ्याच्या आत गेले. अक्का मात्र ते सगळं विसरून गेली असावी. मला त्याचाच जास्त राग — निदान लक्षात तरी ठेवायचं!

मी लक्षात ठेवलं. दुधावरची साय जपावी तसा तो राग जपला.

मग अक्काच्या सुलूचं लग्न ठरलं. अक्काला एकच भाऊ, धाकटा नागेश, तलकाडला असायचा. आईच्या शेवटच्या दुखण्यात तो वेळेवर पोचला नाही म्हणून अक्का सगळ्यांदेखत त्याला "तू मला मेलास" म्हणाली होती. त्यानंतर दोघांत बोलणं नाही. पण आमच्यात मुलीला बोहल्यावर मामा आणतो, आणि मुलगी मामानं दिलेली पिवळी साडी नेसूनच येते. सख्खा मामा जिवंत असताना दुसऱ्यानं हात धरून आणायचं म्हणजे गावभर चर्चा. अक्काचा मान तिला जाऊ देईना, आणि जीव राहवू देईना. शेवटी तिनं मला धाडलं. माझे हात धरून म्हणाली, "तू गेलीस म्हणजे मीच गेले. काय म्हणतो तेवढं सांग येऊन."

तलकाडला वाळू कशी घरात शिरते ते पाहिलंय तुम्ही? उंबऱ्यावर वाळू, शिलाई मशीनच्या पायडलवर वाळू. नागेशअण्णानं मला पाटावर बसवलं, अक्षता दोन्ही हातांत घेतल्या आणि लहान पोरासारखा रडला. आत जाऊन पिवळी साडी घेऊन आला — सुलूचं ठरल्याचं कुणाकडून तरी कळलं तेव्हाच आणून ठेवली होती. म्हणाला, "ताई, पान मांडा माझं. फक्त अक्काला एक सांगा. तिनं मला मेलास म्हटलंय. मेलेला माणूस मांडवात कसा येईल? एकदा तिच्या तोंडून 'ये' म्हणू दे. मी त्याच पावली निघतो."

परतीच्या बसमध्ये मी त्याचे शब्द घोकत होते. खरंच, सांगायचेच म्हणून. अक्का दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं स्वतः तलकाडला गेली असती, हे मला ठाऊक होतं. मग घरी आले. अंगणात साडीच्या निऱ्यांतली वाळू झटकत होते. अक्का धावत बाहेर आली, आणि मला तिचा चेहरा दिसला — लाचार, माझ्या तोंडाकडे लागलेला. आणि मला आप्पांचा नळावरचा हात आठवला.

"पान बेडा म्हणाले," मी सांगितलं.

एवढंच. दोन-तीन शब्द. अक्का "आयतु, झालं," म्हणाली, आणि आत गेली.

लग्नात भटजींनी "मुलीच्या मामांना बोलवा" म्हणून पुकारलं. कुणी हललं नाही. पुन्हा पुकारलं. अक्का कल्याणमंटपाच्या दाराकडे बघत होती. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुझ्या भावाला उभा कर गं." आप्पांचा मुलगा सुलूला बोहल्यावर घेऊन आला. पहिल्या पंगतीत त्याचं मानाचं पान, आणि अक्का स्वतः त्याच्या भातावर तूप वाढत होती. खोटं कशाला बोलू — माझं पोट भरलं त्या दिवशी. इतकं गोड जेवण मी कधी जेवले नाही. 

पुढे काही वर्षांनी नागेशअण्णा गेला. निरोप आला तेव्हा अक्का ताटावर होती. म्हणाली, "माझ्या पोरीच्या लग्नातलं पान ज्यानं नाकारलं, त्याच्या तेराव्याचं पान मी कशाला खाऊ? तू जा हवं तर." मी ऐकलं, आणि तिला ताक वाढलं.

तेराव्याला मीच गेले. त्याची बायको मला कोपऱ्यात घेऊन गेली. लग्नाच्या दिवशी तो पहाटेच अंघोळ करून, साडीचा पुडा मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता म्हणे. अक्काचा शब्द उशिरा येईल, पण येईल, म्हणत होता. शेवटची बस गेली तेव्हा उठला. तिनं तो पुडा माझ्या हातात दिला. "सुलूला द्या," म्हणाली.

त्यानं माझं काय वाकडं केलं होतं? त्यानं तर मला पाटावर बसवलं होतं.

आज अक्काचे यजमान, आमचे थोरले भावोजी, नाहीत, सुलू परदेशी आहे, आणि अक्का आमच्याकडे बोगादीच्या घरात राहते. आल्यागेल्याला सांगते, "माझ्यासाठी तलकाडला गेली ती हीच एकटी." आणि अजूनही, आप्पांचं ते भरलं पान डोळ्यांपुढे आलं की माझ्या मनात येतं — बरं केलं. हे मला लपवता येत नाही.

साडी मी सुलूला दिली नाही. दिली असती तर कुठून आली ते सांगावं लागलं असतं. ती माझ्या कपाटात तळाशी आहे, त्याच कागदात. पुडा हलवला की अजून वाळू गळते. अक्काचा पलंग त्याच कपाटाला लागून आहे.