आपोआप गप्प होणारा स्पीकर

मोहाची फुलं वेचताना माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो. म्हणून पोंभुर्ण्याकडच्या आमच्या जंगलात मोहाला जाताना आवाज करत राहायची रीत आहे. आधी डबे बडवायचो. आता पलीकडच्या झाडाला स्पीकर टांगतो आणि अलीकडे आपण वेचतो.

त्या वर्षी मी राजुऱ्याहून महागातला स्पीकर आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘पेटंट’ लिहिलेलं. आमच्याकडे पेटंट म्हणजे अस्सल, खात्रीचा माल. मी ते खोकं मोठ्या भावाला ऐटीत दाखवलं होतं.

गाणं कधी बंद पडलं ते वेचण्याच्या नादात कळलंच नाही. वाघ स्पीकरच्याच बाजूने आला. त्याने भावाचं डोकं उजवीकडून धरलं आणि एका हिसक्यात कान, गालाचं कातडं सोलून काढलं. आतले दात दिसले. मी बोंबलत धावलो आणि कुऱ्हाड वाघाच्या पाठीत घातली, तेव्हा तो सोडून पळाला. भावाला खांद्यावर टाकून त्या झाडाखालून निघालो, तर मेलं गाणं आपोआप सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी, भाऊ दवाखान्यात असताना, जंगलात जाऊन त्याच कुऱ्हाडीने मी स्पीकरचा भुगा केला. तो भुगा राजुऱ्याच्या दुकानदाराच्या तोंडावर फेकला आणि त्याची कॉलर धरली. तो घाबरत सांगू लागला, की जवळ माणूस नसला की हा बॅटरी वाचवायला गप्प होतो. ते बंद करायला बटण नाही. गिऱ्हाईकं शिव्या देतात, पण याच करामतीचं पेटंट कंपनीकडे आहे, त्याच्याच जोरावर ती माल विकते, मग काढेल कशाला?

“दुसऱ्या कंपनीले हे टाकताच येत नाई, भाऊ,” तो म्हणाला. “म्हनून स्वस्तातला स्पीकर गप्प होत नाई.”

मी त्याची कॉलर सोडली. ज्या पेटंटवर थुंकायला आलो होतो, त्यानेच बाकीचे स्पीकर बोलते ठेवले होते. माझा संताप काही गेला नाही, पण स्वस्तातला एक घेऊन आलो.

यंदा भाऊ पुन्हा मोहाला आला. उजवीकडचं त्याला ऐकू येत नाही. वेचता वेचता थांबतो आणि विचारतो, “सुरू हाये ना?”

“सुरू हाये,” मी म्हणतो.

तो पुन्हा वाकतो. मी आता वेचत नाही. कुऱ्हाड धरून त्याच्या उजवीकडे उभा राहतो.