पडद्यावरचे लाल ठिपके

जिनिंग मिलमधला, कापसाची प्रत ठरवणारा एक ग्रेडर रोज दुपारी आमच्या दिग्रसच्या शेती केंद्रात पुसदच्या बसची वाट पाहत टेकायचा. बोलता बोलता चिमटीतली रुई दोन्ही अंगठ्यांनी ओढून तंतूची लांबी पाहायचा. रुई नसली तरी अंगठे चालूच.

कापसाची ती वाईट वर्षं होती. मी एका मोफत, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये गावोगावचा नकाशा करत होतो. बोंडअळी लागलेल्या शेतावर लाल ठिपका द्यायचा. एक दिवस नकाशा जरा सरकवला आणि पडदाभर लाल ठिपके उठले. महिनाभराची पायपीट बिघडली म्हणून चिडून मी फाइल पुसायला निघालो.

"काहून पुसून राह्यले भाऊ?" ग्रेडरनं विचारलं. "ठिपके नकाशात हायेत का काचेत?"

"ते कसं कळणार?"

"ज्या उजेडात शंका आली, त्याच उजेडात पाहून काय होते? मी त कापूस बाहेर उन्हात नेतो. तुमी कागदावर काढून पाहा."

मी रंगीत प्रिंट काढली. कागदावर मी दिलेले अकराच ठिपके होते! म्हणजे नकाशा शाबूत, दोष फक्त दाखवण्यात. ग्राफिक्सची एक सेटिंग बंद केली, तसा पडदाही स्वच्छ झाला.

हे सांगायला वळलो, तर ग्रेडर तो कागद घेऊन दारात उन्हात उभा. नाल्याच्या वळणावरच्या एका ठिपक्यावर त्याचा अंगठा थांबला होता.

"हा खरा हाये न?"

"हो."

"लहान्या भावाचं वावर हाये हे," तो म्हणाला. "अळी लागली हे मले बोलला नाही तो."