पाण्यात उतरण्याआधी

अक्काला बसून रागावता येत नसे. राग आला की ती आधी चष्मा काढून बाजूला ठेवायची, पदर कमरेला खोचायची आणि उभी राहायची. सारी हयात धारवाडच्या कोर्टात वकिली केली, तिथं बसून बोलायची सोय नसते, म्हणून ही सवय लागली असं ती सांगे. मला ते खरं वाटत नाही. माझे वडील सांगत की शाळेत असल्यापासून ती अशीच होती.

एकदा सुभाष रोडवरच्या साडीच्या दुकानात मी तिच्याबरोबर होते. दुकानदार आम्हाला "या मॅडम, बसा मॅडम" करत होता. तेवढ्यात अळणावरकडच्या खेड्यातली एक बाई लेकीच्या लग्नाची खरेदी करायला आली. तिला तो म्हणाला, "तुला काय पायजे? हात लावू नको, दुरून सांग." अक्कानं चष्मा काढला. आमची साडी पसंत होऊन घडी घालून झाली होती. ती तशीच टाकून अक्का उठली, त्या बाईचा हात धरला आणि तिला घेऊन समोरच्या दुकानात गेली. तिथं तासभर बसून तिची सगळी खरेदी करून दिली. स्वतःसाठी काही घ्यायचं विसरून गेली. परत येताना मी म्हटलं, अक्का, निळी साडी छान होती गं. ती म्हणाली, "असेल की. पण ती नेसले असते तर दर वेळी मला त्याचं तोंड आठवलं असतं."

ती माझी आत्या. पण माझे वडील आणि रमेशकाका तिचे धाकटे भाऊ, ते अक्का म्हणायचे, म्हणून आम्ही सगळी भावंडंही अक्काच म्हणत आलो. लग्न केलं नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक भांडणात तिला बोलावलं जायचं, आणि निकाल विरुद्ध लागला की तिलाच नावं ठेवली जायची. ज्या एका गोष्टीसाठी आमच्या घरात आजही तिला नावं ठेवली जातात ती मी सांगणार आहे, कारण ती गोष्ट घरात उलटी सांगितली जाते आणि ते ऐकून माझं डोकं फिरतं.

रमेशकाका निवृत्त झाले त्या वर्षी त्यांचा मुलगा निखिल बेंगळूरहून आला आणि म्हणाला, सगळ्यांनी मिळून समुद्रावर जायचं. नुसतं वाळूत बसायचं नाही, स्कूबा डायव्हिंग करायचं. पोहता येत नसलं तरी चालतं, पहिल्यांदा येणाऱ्यांना एक शिकलेला माणूस धरून खाली नेतो. माझी मुलगी इरा तेव्हा बारा वर्षांची होती, ती तर उड्याच मारायला लागली. काका म्हणाले, "आयुष्यभर बँकेच्या काचेमागं बसलो. एकदा तरी मासे बघू की." सुनंदाकाकू हसल्या. मासेच बघायचे तर हुबळीच्या बाजारात जा, असं म्हणाल्या. पण त्याही तयार झाल्या.

हुबळीत उणकलच्या आमच्या घरी रविवारी सगळे जमायचे आणि बेत व्हायचा. गोव्याला जायचं की मालवणला की आपल्याच कारवारकडच्या किनाऱ्यावर, कुठल्या महिन्यात पाणी स्वच्छ असतं, होडीत उलट्या होऊ नयेत म्हणून काय खायचं. अक्का या बेतात सगळ्यात उत्साही होती हे आता कुणी सांगत नाही. तिनंच शोधून काढलं की पावसाळा सरल्यावर लगेच नको, समुद्र निवळू द्यावा. तिनंच इराला नाक दाबून, हळूच फुंकून कान मोकळे करायला शिकवलं, कारण खाली गेलं की कान दुखतात. स्वतःला डायव्हिंग करता येईल का हे ती डॉक्टरांना जाऊन विचारून आली होती. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं, तेव्हा पेढे वाटल्यासारखी सगळ्यांना सांगत सुटली.

निखिलनं एकाशी बोलणी करत आणली होती. कुठल्या तरी किनाऱ्यावरचा तो माणूस, नाव आता आठवत नाही. अक्कानं फोन स्पीकरवर टाकायला लावला. पाण्याखाली एक शिक्षक किती लोकांना नेतो, होडीवर ऑक्सिजन ठेवता का, कुणाला दमा असला तर काय करता, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, काळजी नको, व्हिडिओ फ्री आहे." तिनं पुन्हा विचारलं. तो वैतागून म्हणाला की एवढी भीती असेल तर घरीच बसा. अक्कानं फोन ठेवला.

"ज्याला प्रश्नाचा राग येतो, त्याच्या हातात जीव द्यायचा नाही," ती म्हणाली.

निखिल कुरकुरला. मग अक्कानंच दुसरे लोक शोधले, मुरुडेश्वराच्या बाजूला. तिथं एक दीपा नावाची मुलगी शिकवायची, कुमट्याकडची, पंचविशीची असेल. तिनं प्रत्येक प्रश्नाचं शांतपणे उत्तर दिलं आणि उलट अक्कालाच प्रश्न विचारले. आदल्या दिवशी तलावात सराव, दुसऱ्या दिवशी होडीनं बेटाजवळ, आणि कुणाला हृदयाचा, श्वासाचा, कानाचा त्रास असेल तर आधी सांगायचं, तसं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरवणार नाही. अक्काला ती पोरगी फार आवडली.

आता जे कुणाला माहीत नव्हतं ते. दोन वर्षांपूर्वी काकू लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडात गेल्या असताना काकांच्या छातीत दुखलं होतं. त्यांनी फक्त अक्काला फोन केला. हुबळीच्या दवाखान्यात अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. अक्का त्यांच्या उशाशी बसून राहिली. काकांनी तिच्याकडून वचन घेतलं की सुनंदाला कळता कामा नये, ती बाळंतीण लेक सोडून धावत येईल. ती परत आली की मीच सांगेन. काकू परत आल्या. काकांनी सांगितलं नाही. गोळ्या ॲसिडिटीच्या म्हणून खात राहिले. अक्का गप्प राहिली, कारण शब्द दिला होता, आणि दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवणं हा तर तिचा धंदाच होता.

डायव्हिंगचं ठरल्यापासून ती त्यांच्या मागं लागली होती, हे मला तिनं नंतर सांगितलं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ये, त्यांनी हो म्हटलं तर खुशाल उडी मार, मी टाळ्या वाजवीन. काका ऐकेनात. डॉक्टरांकडं गेलं की काकूंना कळणार. शेवटी त्यांनी कबूल केलं की मी पाण्यात उतरणार नाही, होडीतच बसेन. त्या शब्दावर अक्का आमच्याबरोबर निघाली.

हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी आम्ही सगळे टी-शर्ट आणि पँट घालून ओळीनं बसलो होतो. दीपानं खुणा शिकवल्या. अंगठा वर केला तर छान असा अर्थ नाही, मला वर जायचंय असा आहे. छान म्हणायला बोटांचं गोल करायचं. इरा आणि अक्का एकमेकींना गोल दाखवत हसत होत्या. मग दीपानं कन्नडमध्ये सगळ्यांना विचारलं, कुणाला हृदयाचा त्रास, ऑपरेशन, चालू औषधं? एकेक जण नाही म्हणत गेला. काका काठावर पाय सोडून, पाण्यातला गॉगल कपाळावर चढवून तयार बसले होते. तेही म्हणाले, "एनु इल्ल." काही नाही.

अक्का त्यांच्याकडं बघत राहिली. हळू आवाजात म्हणाली, "रम्या, सांग."

काका म्हणाले, "काय सांगू?"

तेव्हा ती उभी राहिली. दीपाकडं वळून कन्नडमध्येच म्हणाली, "इवा सुळ्ळ हेळाकत्त्यान." हा खोटं बोलतोय. याच्या हृदयात स्टेंट आहे.

काकूंनी मान वळवून आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग अक्काकडं. "कधी?" एवढंच त्यांनी विचारलं. अक्कानं सांगितलं. "तुम्हाला माहीत होतं, अक्का?" अक्का म्हणाली, होय. काकू उठल्या आणि खोलीत निघून गेल्या.

मग जे झालं ते आठवून अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिथं काकांना कुणीही एक शब्द बोललं नाही. दोन वर्षं बायकोशी खोटं बोलले, आता पाण्याकाठी खोटं बोलले, पण सगळे तुटून पडले ते अक्कावर. निखिल म्हणाला, चारचौघांत सांगायची काय गरज होती, बाबांना बाजूला घेऊन बोलता आलं नसतं का. माझा नवरा म्हणाला, निदान आजचा दिवस तरी जाऊ द्यायचा होता. काका म्हणाले, "तू वकील कसली? तू चहाडखोर आहेस. विश्वासघात केलास माझा."

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग भावाला म्हणाली, "तू मेला असतास तर आम्ही रडलो असतो आणि विसरलो असतो. पण या पोरीच्या हातात मेला असतास. ती तुला धरून खाली नेणार होती. जन्मभर तिनं काय करायचं? तिनं तुला सरळ प्रश्न विचारला होता, रमेश."

दीपा ओली उभी होती. ती काकांना अदबीनं म्हणाली, सर, तुम्ही पाण्यात उतरू नका. आणि पुढचा धडा शिकवायला लागली.

दुसऱ्या दिवशी काका, काकू, निखिल हुबळीला परत गेले. अक्का, मी, माझा नवरा आणि इरा होडीनं गेलो. अक्का खाली जाऊन आली, होडीच्या शिडीला धरून तोंडातली नळी काढली आणि पहिली तक्रार ही केली की दीपानं तिला पाठीवरच्या सिलिंडरला धरून ठेवलं, एका खडकामागं काय आहे ते बघू दिलं नाही. पिवळ्या माशांचा एक अख्खा थवा तिच्या तोंडावरून गेला होता. "एकानंही वाट सोडली नाही मला," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. समुद्राचं नव्हतं ते.

काका पुढं दीड-दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. काकू बोलत, पण तुटक. काकूंबद्दल अक्कानं कधी वाईट शब्द काढला नाही. "तिचा राग बरोबर आहे. बाकीच्यांचा नाही," म्हणायची. मी एकदा तिच्यासमोर चिडून म्हटलं की सगळे म्हणतात, काही झालं नसतं. ती म्हणाली, "नसतंच झालं कदाचित. म्हणून खोटं खरं होतं काय?"

नंतर ती आजारी पडली. शेवटचे काही महिने माझ्याकडंच होती. काका एकदा भेटायला आले, खुर्ची ओढून बसले. अक्कानंच विचारलं, डॉक्टरांकडं जातोस का? सुनंदा घेऊन जाते, ते म्हणाले. मग त्या दिवसाचं काहीतरी बोलायला गेले, तर अक्कानं थांबवलं. "त्या दिवसाचं मला वाईट वाटत नाही, रम्या. सुनंदाला आधीच सांगितलं नाही, त्याचं वाटतं." काकांनी तिचा हात हातात घेतला, पण चुकलो म्हणाले नाहीत. मी दारात उभी राहून वाट बघत होते त्या शब्दाची.

तिच्या तेराव्याला पंगतीत निखिलनं ती गोष्ट सांगितली. अक्कानं बाबांचं डायव्हिंग कसं बुडवलं, काकू कशा उठून गेल्या, नक्कल करून. लोक हसले. काका समोरच बसून जेवत होते, ठणठणीत. निखिल त्यांच्याकडं हात करून म्हणाला, बघा, काय झालंय यांना? मी म्हटलं, बायकोनं दर महिन्याला धरून तपासायला नेलं म्हणून काही झालं नाही, आणि बायकोला कुणामुळं कळलं? काकू वाढत होत्या, त्या वाढत राहिल्या. मग कुणीतरी मठ्ठा मागितला.

या वर्षी इराला पुन्हा जायचं होतं, म्हणून मी दीपाला फोन केला. तिनं आवाज ओळखला आणि आधी विचारलं, त्या आंटी येणार का? मी सांगितलं, अक्का गेली. मग दीपा म्हणाली की त्या दिवसापासून ती सगळ्यांना ओळीनं बसवून विचारत नाही. प्रत्येकाला लांब, झाडाखाली नेते आणि एकट्याला विचारते. घरच्यांसमोर कुणी खरं सांगत नाही, पण एकट्याला विचारलं की बरेच जण सांगतात. मागच्या महिन्यात एक नवा जावई सासरच्यांबरोबर आला होता. झाडाखाली गेल्यावर म्हणाला, मला फिट येतात, सासरी माहीत नाही. दीपानं सगळ्यांना सांगितलं की यांना सर्दी आहे, यांना खाली नेत नाही. तो दिवसभर होडीत बसून मेव्हण्यांचे फोटो काढत होता.

अक्काला हे पटलं नसतं. सर्दी कशाला म्हणायचं, त्या मुलीला कळायला नको काय नवऱ्याचं, असं म्हणून ती दीपाशी तावातावानं भांडली असती. दीपानंही तिच्याशी वाद घातला असता. पण तो माणूस पाण्याच्या वर राहिला.